ऑटिझम, एबीए आणि केंद्राचा सहा कलमी कागद: यातलं ठेवायचं काय?

चिंचेचं_पान

नात्यातल्या एका साडेतीन वर्षांच्या मुलासाठी एका थेरपी केंद्राने आठवड्याला २० तासांची एबीए योजना दिली आहे. नवख्या वाचकांसाठी: एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस. वागण्याच्या आधी काय घडतं आणि नंतर काय मिळतं, हे बदलून शिकवायची पद्धत. मुलगा चार-पाच शब्द बोलतो, काही हवं असलं की मोठ्यांचा हात धरून ओढत नेतो. घरात सगळे मराठी बोलतात. कागदावरची उद्दिष्टं अशी:

१) "लुक अ‍ॅट मी" म्हटल्यावर ५ सेकंद नजरेला नजर, १० पैकी ८ वेळा
२) खुर्चीत सलग १५ मिनिटं बसणं
३) "क्वाएट हँड्स": हात फडफडवणं तासाला दोनपेक्षा कमी वेळा
४) २० चित्रांची नावं इंग्रजीत सांगणं
५) किंचाळणं, जमिनीवर लोळणं: पूर्ण दुर्लक्ष
६) हात धुणं, नऊ पायऱ्या, स्वतंत्रपणे

"एबीए चांगलं की वाईट" हा वाद नको, तो ठिकठिकाणी घालून झालाय. या सहांतलं काय ठेवावं, काय खोडावं आणि ठेवायचं ते नेमकं शिकवतात कसं, एवढं जाणकारांनी सांगावं.

बोरकूट

"वाद नको" लिहिलेले धागेच दोनशे प्रतिसाद गाठतात. चिवडा घेऊन बसलोय.

साळुंकी

सहा कलमं वाचली आणि सातवं शोधत राहिले: मागणं. मूल हात ओढून नेतंय म्हणजे त्याला सांगायचंय, फक्त साधन नाही. आणि कागद त्याला चित्रांची नावं शिकवतोय! "अ‍ॅपल" म्हणता आलं म्हणजे सफरचंद मागता येतं असं नाही. वर्तन-मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९५७ मध्येच ही दोन कामं वेगळी केली होती, मागण्याला 'मँड' आणि नाव सांगण्याला 'टॅक्ट'. मागितलं की वस्तू हातात पडते, नाव सांगितलं की नुसती शाबासकी. या वयात, इतक्या कमी शब्दांवर, आधी मागणं.

त्याच्याही आधी आवडीची चाचणी. पाच खेळणी एका ओळीत, वितीवितीच्या अंतराने. "एक घे." घेतलं त्याच्याशी अर्धा मिनिट खेळू द्यायचं आणि ते ओळीत परत ठेवायचं नाही. उरलेल्या चारांतलं डावं टोक उजवीकडे न्यायचं, कारण काही मुलं नेहमी एकाच बाजूची वस्तू उचलतात आणि आपण समजतो की याला भोवराच आवडतो. असं संपेपर्यंत. खाऊ आणि खेळणी एका ओळीत मिसळू नका, बहुतेक वेळा खाऊच जिंकतो आणि खेळण्यांबद्दल काहीच कळत नाही. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, पण रोज करायचं. कालचा भोवरा आज चालेलच असं नाही.

खाऊची मात्रा: दोन कुरमुरे, किंवा बिस्किटाचा वाटाण्याएवढा तुकडा. अख्खं बिस्किट दिलं तर चौथ्या मागणीला पोट भरतं आणि वहीत नोंद होते, "सहकार्य केले नाही".

कडूलिंब

१ आणि ३ खोडा. चर्चेची गरज नाही.

नजरेला नजर भिडवणं आणि ऐकणं एकाच वेळी जड जातं, असं ऑटिस्टिक प्रौढांनी अनेक वर्षं लिहून ठेवलंय. मूल पाच सेकंद डोळ्यांत बघेल, पण त्या पाच सेकंदांत तुम्ही काय बोललात ते त्याच्यापर्यंत पोचेल का? हाक मारल्यावर मान वळवणं, जवळ येणं, हातातलं थांबवणं, यातलं काहीही "ऐकलं" म्हणून मोजता येतं. तसं उद्दिष्ट लिहायला सांगा.

हात फडफडवण्याने कुणाचं काय बिघडतं? आनंद झाला, गोंधळ वाढला, ताण आला की हात हलतात. तासाला दोनदाच, हा आकडा आला कुठून? शिवाय हात दाबून धरले की ती गरज दुसरीकडून निघते, बाही चावणं, नखं खाणं.

आणि इतिहास विसरू नका. मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या ज्या अभ्यासावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यात जोरात "नो" म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं हे पद्धतीचा भाग होतं.

अनामिक_गणिती

त्या अभ्यासाचे आकडे अर्धवट सांगितले जातात, म्हणून देतो. प्रायोगिक गटात १९ मुलं, आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त. त्यातली ९ मुलं बुद्ध्यांक आणि शाळेच्या निकषांवर "सामान्य" ठरली. हाच तो सगळ्या माहितीपत्रकांतला ४७ टक्के. तुलनेच्या दोन गटांत मिळून ४० मुलं होती, त्यांतलं एक. पण मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत घातलेली नव्हती, कोणत्या मुलाला पुरेसे थेरपिस्ट उपलब्ध आहेत यावर गट ठरला. म्हणजे ४७ हा आकडा पद्धतीचा किती आणि निवडीचा किती, हे सुटं करता येत नाही.

तासांबद्दल: २०२४ मध्ये सँडबँक आणि सहकाऱ्यांनी १४४ अभ्यास एकत्र करून पाहिलं, जास्त तासांनी जास्त फायदा होतो का. तसा संबंध दिसला नाही. याचा अर्थ शून्य तास चालतील असा नव्हे. "२० ऐवजी ३० तास घ्या, लवकर बोलेल" असं कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याला पुरावा मागावा, इतकाच.

वर्तनवेडा

कडूलिंब, १ आणि ३ बद्दल पूर्ण सहमत. चापट आणि ओरडा आता कुठल्याही धड केंद्रात चालत नाही, चालत असेल तर त्याच दिवशी मूल उचलून घरी आणा. पण त्या चुकीपायी शिकवण्याचं तंत्रच टाकून देऊ नये.

माझ्या मते कागदातलं सगळ्यात धोकादायक कलम ५ आहे. किंचाळणं नेमकं कशासाठी आहे हे न बघता सरसकट दुर्लक्ष. वागण्यामागे साधारण चार कारणं धरतात: कुणाचं लक्ष हवंय, वस्तू हवी आहे, नकोशा कामातून सुटका हवी आहे, किंवा त्या कृतीतच शरीराला काही मिळतंय. दुखणं पाचवं म्हणा, ते आधी वगळायचं: कान, दात, बद्धकोष्ठता. लोळणं लक्षासाठी असेल तर दुर्लक्षाला काही अर्थ तरी आहे. सुटकेसाठी असेल तर? थेरपिस्ट तोंड फिरवून बसते, चित्रांचं काम थांबतं, मुलाला हवं तेच मिळतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर लोळतं. कान दुखत असेल तेव्हाच्या दुर्लक्षाबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून आधी आठवडाभर एबीसी तक्ता. तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर कुणी काय केलं. वेळ आणि जागा लिहा. "चिडला" असं लिहू नका, "वाटी ढकलली, सुमारे २ मिनिटं किंचाळला" असं लिहा. पंधरा-वीस नोंदी झाल्या की बहुधा चित्र दिसतं.

मग त्याच कामाचा सोपा पर्याय शिकवायचा. कार आणि ड्युरँड यांनी १९८५ मध्ये हे दाखवून दिलं: काम अवघड वाटल्यावर त्रास देणाऱ्या मुलांना मदत मागायला शिकवलं की त्रास उतरला. इथे "थांब" असं एक कार्ड चालेल. पहिले काही दिवस कार्ड दिलं की दर वेळी, ताबडतोब, अर्धा-एक मिनिट काम बंद. किंचाळण्यापेक्षा कार्डाला उत्तर लवकर मिळालं पाहिजे, नाहीतर मूल कार्ड कशाला वापरेल?

आणि एकदा दुर्लक्ष ठरवलंत तर हे माहीत असू द्या की कमी होण्याआधी वागणं उसळतं. तीव्रता वाढते, वेळ वाढतो. तेव्हाच आजीला दया येऊन मोबाईल मिळाला, तर मुलाने शिकलेला धडा असा: आणखी मोठ्याने. घरात पाच माणसं असतील आणि पाचही तयार नसतील तर हा मार्ग घेऊच नये.

बोरकूट

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एबीसी तक्ता भरून पाहावा म्हणतो. आधी: पार्किंगचा विषय. वर्तन: टेबलावर थाप, ४ मिनिटं किंचाळणं. नंतर: अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेत ढकलला. म्हणजे कारण सुटकेचं, बरोबर ना?

वर्तनवेडा

बोरकूट, शंभर टक्के सुटका. अध्यक्षांना "थांब" कार्ड द्या.

शब्दवेल्हाळ

क्रमांक ४ बद्दल वाचा-भाषेच्या बाजूने. घरी मराठी असेल तर उद्दिष्टं मराठीतच असावीत. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं याला अभ्यासांत आधार सापडलेला नाही, तेव्हा "घरीही इंग्रजीच बोला" हा सल्ला सरळ नाकारा. टेबलावर "गिव्ह मी" आणि स्वयंपाकघरात "दे", म्हणजे मुलाने शिकलेलं केंद्राच्या दारातच राहतं.

मागणीसाठी शब्द निवडताना मराठीचं लिंग लक्षात घ्या. चेंडू हवा, पोळी हवी, पाणी हवं: सुरुवातीला ही तीन रूपं म्हणजे मुलासाठी तीन वेगळे शब्द. त्याऐवजी "दे" किंवा "पाहिजे" घ्या. चेंडू पाहिजे, पोळी पाहिजे, पाणी पाहिजे, काही बदलत नाही.

ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलणारं मूल असेल तर "तुला पोळी पाहिजे का?" विचारू नका. ते "तुला पोळी पाहिजे का" हेच मागण्याचं वाक्य म्हणून उचलेल. पोळी दाखवा आणि त्याच्या बाजूने बोला: "पोळी पाहिजे." मग थांबा. थांबणं म्हणजे मनात पाचपर्यंत मोजणं. बहुतेक घरांत दोनच्या आत पुढचं वाक्य येतं.

शब्द येत नसतील तर चित्र द्यायची पद्धत आहे, पेक्स, बाँडी आणि फ्रॉस्ट यांची. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात आणि इथेच सगळे काटकसर करतात. एक समोर, हातात आवडती वस्तू, तोंडाने चकार शब्द नाही. दुसरं माणूस मुलाच्या पाठीमागे. मूल वस्तूकडे हात नेतं, मागचं माणूस तो हात चित्राकडे वळवून, चित्र उचलून, समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतं. समोरचा लगेच वस्तू देतो आणि तिचं नाव घेतो. पुढे मागची मदत शेवटाकडून काढत न्यायची: आधी हातावर ठेवण्याची, मग नेण्याची, शेवटी उचलण्याची. समोरच्याने "काय पाहिजे?" विचारलं की मूल विचारल्याशिवाय मागत नाही, ही नेहमीची चूक. चित्र दिल्याने बोलणं बंद पडेल ही भीतीही सोडून द्या.

कडूलिंब

मूल हाताने विरोध करत असेल तर? पाठीमागून हात पकडून चित्र देणं ही सक्तीच की.

शब्दवेल्हाळ

रास्त प्रश्न. हात आखडला, अंग मागे घेतलं की सोडायचं. मूल वस्तूकडे स्वतः झेपावत नसेल तर ती वस्तूच चुकीची, साळुंकींची ओळ पुन्हा मांडा. हाताला ओढ नसेल तर वळवण्यासारखं काही नसतंच.

रोडगा

टेबलावर समोरासमोर बसून, पत्ते दाखवून, एकेक चाचणी घेणं म्हणजेच एबीए, असा समज दिसतो. तो डीटीटी, म्हणजे डिस्क्रीट ट्रायल ट्रेनिंग, हा एबीएचा एक प्रकार झाला. खेळाच्या ओघात शिकवायच्या पद्धती आहेत, उदाहरणार्थ रॉजर्स आणि डॉसन यांचं अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल. २०१० च्या अभ्यासात १८ ते ३० महिन्यांची ४८ मुलं, चिठ्ठ्या टाकून गट, दोन वर्षं. भाषा आणि बुद्ध्यांकात वाढ दिसली, पण ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेचे गुण दोन्ही गटांत वेगळे नव्हते. मला तरी हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडचं एक: गोव्यातल्या 'संगात' संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटाने ब्रिटनच्या 'पॅक्ट' पद्धतीचं दक्षिण आशियाई रूप तपासलं, नाव 'पास'. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं, सहा महिन्यांत १२ बैठका, आणि चालवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते. निष्कर्ष २०१६ च्या 'लॅन्सेट सायकायट्री'त आहेत. पालक आणि मूल खेळतात, त्याचं चित्रण होतं, मग पालकासोबत बसून ते पाहायचं आणि मूल काहीतरी सांगतंय असे क्षण शोधायचे. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लक्षाशी जुळणं वाढलं, मुलाने स्वतःहून सुरुवात करणंही वाढलं. मात्र दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ उलट कमी झाला. सगळंच गोड नव्हतं.

घरी करायचं तर: तीन-चार खेळणी जमिनीवर, मोबाईल उभा टेकवून, दहा मिनिटं. प्रश्न आणि आज्ञा बंद. मूल गाडी फिरवतंय तर आपण "गाडी गोल गोल" एवढंच. नंतर बघताना मोजा, आपण किती वेळा त्याचं खेळणं सोडून आपलंच पुढे केलं.

नऊपायऱ्या

सहाव्या कलमाबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मी. हे ठेवा. नऊ पायऱ्या: नळ उघडणं, हात ओले, नळ बंद, साबण, तळहात, मागची बाजू, नळ उघडून धुणं, नळ बंद, पुसणं.

शेवटाकडून शिकवा. पहिल्या आठ पायऱ्या तुमच्या मदतीने, नववी त्याची: टॉवेल. ती तीन दिवस विनामदत झाली की आठवी. कारण काम पूर्ण झाल्याचा आनंद आणि पुढचं खाणं नेहमी त्याच्या स्वतःच्या पायरीनंतर येतं.

मागे उभं राहा, बाजूला नाही. बोलू नका! "आता साबण, आता चोळ" अशी आरती सुरू केली की ती आरतीच दहावी पायरी होते, तुम्ही नसलात तर मूल नळाखाली हात धरून उभं राहतं. हाताची मदत मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, अशी वर नेत काढता येते. तोंडी मदत काढायला फार जड.

अडतं ते बहुतेक सामानावर. फिरवायचा जुना नळ छोट्या हाताला फिरत नाही, दांडीचा बसवा. पंपाची बाटली दाबायला दोन्ही हात लागतात, तिच्याऐवजी साबणाची अर्धी वडी. पाटावर उभं केल्यावर कोपर बेसिनच्या काठाच्या वर आलं पाहिजे. थंड पाण्याला हात मागे घेत असेल तर तो हट्ट धरू नका, पाणी कोमट करा.

कडूलिंब

+१. याला म्हणतात उद्दिष्ट. यात मुलाचा फायदा आहे.

वर्तनवेडा

कडूलिंबांकडून +१! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

कडूलिंब

काढा. त्याच स्क्रीनशॉटखाली हेही लिहा की अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये वर्तन बदलायला विजेचे झटके देतात, २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती उठवली. आणि वर्तनविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घ्यायला २०२२ उजाडलं.

वर्तनवेडा

तथ्य बरोबर, उशीर अक्षम्य. वाद घालत नाही.

अनामिक_गणिती

शिकवणार कोण हेही विचारा. २० तास प्रत्यक्ष बसणारी व्यक्ती अनेकदा ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेली असते. ते पुरतं, पण वर देखरेख असेल तर. देखरेख करणारा आठवड्यातून किती वेळ मुलासमोर प्रत्यक्ष असतो, हा आकडा लेखी घ्या. वर्तनविश्लेषकांना 'बीसीबीए' हे प्रमाणपत्र देणारं अमेरिकन मंडळ, बीएसीबी, २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेत नाही, त्यामुळे "आमच्याकडे सगळे बीसीबीए होणार आहेत" हे ऐकलं तर भुवई उंचवा. विशेष शिक्षक, वाचातज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागायला लाजू नका.

अवांतर: मुलाच्या अपंगत्व प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही ऑटिझमची भारतीय चाचणी होते, ४० मुद्दे, ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरतात. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही बसतो. थेरपीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा.

चिंचेचं_पान

सगळ्यांचे आभार. केंद्राकडे नेण्यासाठी कागद असा बदललाय: १ च्या जागी "हाकेला कुठल्याही प्रकारे प्रतिसाद". ३ बाद. ४ च्या जागी १० मागण्या, मराठीत, शब्दाने किंवा चित्राने. ५ च्या जागी आठवडाभर तक्ता, मग "थांब" कार्ड. ६ तसंच, उलट क्रमाने. उरलं कलम २, खुर्चीत १५ मिनिटं. पुढे बालवाडीत लागेलच ना?

साळुंकी

बालवाडीत साडेतीन वर्षांची कुठली मुलं १५ मिनिटं खुर्चीत बसतात? आता किती बसतो ते तीन दिवस मोजा. सरासरी दीड मिनिट आली तर उद्दिष्ट दोन मिनिटं, आणि तेही त्याच्या आवडीच्या कामाला. पाय अधांतरी लोंबत असतील तर पायाखाली पाट द्या, निम्मी चुळबुळ तिथेच संपते.

वर्तनवेडा

आणि उठायच्या आधी उठवा. दीड मिनिटाला उठतो, तर सव्वा मिनिटाला तुम्हीच "झालं!" म्हणून मोकळं करा. तो पळाल्यावर सोडलंत तर पळणं शिकवलंत.

कडूलिंब

जमिनीवर सतरंजी घालूनही शिकता येतं, एवढं नोंदवून ठेवते.

रोडगा

केंद्राने "उद्दिष्टं ठरलेली आहेत, बदलत नाही" असं सांगितलं तर आठवड्याला २० तासांची सही करू नका. एक महिना, सहा तास, त्यातला एक तास पालकांनी आत बसून, अशी मागणी करा. पालकांना आत बसू देत नसतील तर दुसरं केंद्र बघा.

चिंचेचं_पान

शनिवारी भेट आहे. तक्ता आजपासून सुरू केला, पहिली नोंद: आधी, टीव्ही बंद केला. पुढच्या चौदा नोंदी झाल्या की इथेच टाकेन.

वर्तनवेडा

टाका. टीव्ही कुणी बंद केला तेही लिहा, आणि बंद करण्याआधी त्याला सांगितलं होतं का.